पनवेलच्या वाटेवर घोड्याची मजल

१९,००० बैल एका ओळीत उभे केले तर ओळ किती लांब होईल? बैलामागे अडीच मीटर धरले तरी साडेसत्तेचाळीस किलोमीटर. पनवेल ते खोपोली हे अंतर त्याहून बरंच कमी आहे. म्हणजे ओळीचं तोंड बोरघाटाच्या चढाला लागलं तरी शेपूट पनवेलातून हललेलंही नसणार. १७७८ च्या हिवाळ्यात मुंबईकर इंग्रजांनी पुण्यावर जी फौज काढली, तिच्याबरोबर एवढे बैल होते. लढणारी माणसं होती ३,९०० च्या आसपास, म्हणजे दर शिपायामागे जवळपास पाच बैल.

रोडपालीकराला ही वाट वेगळी सांगायला नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीला सुरू होतो आणि लोखंड बाजारातून भरून निघालेले लांबलचक ट्रेलर इथूनच पुण्याची दिशा धरतात. अडीचशे वर्षांपूर्वी महामार्ग नव्हता, पण दिशा हीच होती. मुंबईहून खाडीतून पनवेल बंदर गाठायचं, तिथून चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. देश आणि कोकण यांच्यामधली ही नेहमीची चढ-उतार. या वाटेवर तीन वर्षांच्या आत दोनदा इंग्रजी फौजेची दमछाक झाली, आणि दोन्ही वेळा तिला दमवणारं जनावर एकच होतं.

भांडणाचं कारण सर्वांना ठाऊक आहे. नारायणरावांचा खून, बारभाईंचा कारभार, आणि पेशवाईसाठी इंग्रजांच्या दारात जाऊन बसलेले राघोबादादा. १७७५ चा सुरतेचा तह, पुढच्या वर्षीचा पुरंदरचा तह, आणि तो गुंडाळून ठेवून मुंबईकरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली ही मोहीम. नोव्हेंबरच्या अखेरीस फौज पनवेलला उतरली. कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट निवडक तुकडी घेऊन पुढे गेला आणि त्यानं बोरघाट ताब्यातही घेतला. तो चपळ माणूस होता. मुख्य फौज मात्र पनवेलातच रेंगाळली. कर्नल एजर्टन सेनापती, पण हुकूम एकट्याचा चालेना. कार्नाक आणि मॉस्टिन यांच्यासह त्यांची समिती होती. समितीनं चालवलेली लढाई कशी चालते, हे पुढच्या सहा आठवड्यांत दिसलं. डिसेंबरच्या मध्यावर फौज पनवेलहून हलली, २३ तारखेला खंडाळ्याला पोचली, आणि तिथून कार्ल्यापर्यंतच्या जेमतेम आठ मैलांना तिनं अकरा दिवस घेतले. दिवसाला पाऊण मैल. पाय दुखत असलेला म्हातारा वारकरीही एवढं अंतर सकाळच्या न्याहारीआधी काढतो.

दोष बैलाचा नव्हता. ओझ्याचा बैल तासाला तीनेक किलोमीटर चालतो आणि घाटात खचत नाही. पण त्याला चरायला वेळ लागतो, बसून रवंथ करायला तितकाच वेळ लागतो, आणि तो वेळ चुकवला तर चार दिवसांत जनावर बसतं. त्यामुळे दिवसाच्या चोवीस तासांतले चालायचे तास थोडेच. शिवाय तोफा, दारूगोळा, साहेबांचे तंबू, राघोबादादांचा सरंजाम. फौजेचा वेग हा तिच्यातल्या सगळ्यात संथ जनावराचा वेग असतो.

समोर होते महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि पुण्यात नाना फडणवीस. त्यांनी पहिले काही आठवडे लढाई अशी दिलीच नाही. पुढची गावं रिकामी करायची, दाणावैरण हलवायची, हलवता येत नाही ती जाळायची आणि घोडेस्वारांच्या टोळ्या इंग्रजांच्या चारही अंगांना फिरत ठेवायच्या. काही पथकं घाट उतरून कोकणात गेली आणि पनवेलशी असलेलं दळणवळण तोडू लागली. मावळातल्या गवताच्या गंज्या पेटल्या की इंग्रजांचे १९,००० बैल आपोआप शत्रूचे मित्र होत होते. त्यांना खायला हवं होतं.

आता घोड्याकडे वळायला हवं, कारण मराठ्यांची घोडी वाऱ्यासारखी धावत म्हणून ते जिंकले, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आहे. चौकाचौकांतले पुतळे मागच्या दोन पायांवर उभे, चित्रांतली घोडी चारही पाय पसरून हवेत तरंगणारी. ते पसरलेले पाय तर सपशेल खोटे आहेत. १८७८ साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज यानं धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावून धावत्या घोडीची छायाचित्रं घेतली, तेव्हा कळलं की भरधाव घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात खरे, पण ते पसरलेले असताना नव्हे. पोटाखाली गोळा झालेले असताना. तोवर जगभरच्या चित्रकारांनी उलटंच काढलं होतं.

घोड्याच्या मुख्य चाली चार. साधी चाल: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असे चार स्वतंत्र ठोके, वेग ताशी सहा-सात किलोमीटर. दुडकी: तिरके दोन पाय एकदम, मग दुसरे तिरके दोन, दोन ठोक्यांची ही चाल नवख्या स्वाराला खोगिरावर आपटून काढते, पण घोडा ती तासन्‌तास धरू शकतो, वेग बारा ते पंधरा. त्यापुढे तीन ठोक्यांची मंद दौड, जिला रेसकोर्सवर कँटर म्हणतात. आणि शेवटी चौखूर, पुन्हा चार ठोके, पण इतके जवळजवळ की कानाला एकच गडगड ऐकू यावी. साधारण घोडा चौखूर सुटला की ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर गाठतो. शर्यतीसाठीच पैदास केलेल्या थरोब्रेड घोड्यांचा विक्रम आहे ताशी ७०.७६ किलोमीटर, २००८ साली अमेरिकेत विनिंग ब्रू नावाच्या घोडीनं केला. पण किती अंतरावर? फक्त दोन फर्लांग, वेळ २०.५७ सेकंद. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर इंडियन डर्बी २,४०० मीटरांची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास संपते. संपल्यावर त्या घोड्याला पाहावं. नाकपुड्या रुपयाएवढ्या ताणलेल्या, मानेवर फेस, पोट भात्यासारखं हलतं आहे. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही; जे काय ते नाकानंच. शिवाय चौखूर धावताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास, हवी तेव्हा दम घ्यायची मुभा नाही. विश्रांतीला मिनिटाला तीस-चाळीस पडणारे नाडीचे ठोके दोनशेच्या वर जातात. चौखूर धाव म्हणजे मिनिटांचा मामला. तिच्यावर मोहीम चालत नाही.

१९८१ साली डोनाल्ड हॉइट आणि रिचर्ड टेलर या दोन शास्त्रज्ञांनी छोट्या घोड्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून, पळवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. प्रत्येक चालीत एक वेग असा निघाला की ज्याला कापलेल्या अंतरामागे शक्ती सगळ्यात कमी लागते. मोकळं सोडलं की घोडी नेमकी त्याच वेगाच्या आसपास चालत, दुडकत वा धावत; मधले महागडे वेग ती टाळत. आपल्या जुन्या बारगिराला हे कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं. पण सैल लगाम सोडून घोड्याला त्याच्या चालीनं जाऊ द्यायचं, दुडकी आणि चाल आलटून पालटून ठेवायची, चढावर उतरायचं, एवढं कळायला त्याला फिरता पट्टा लागला नाही.

त्यात जनावर कोणतं? भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडीचं तट्टू: खांद्याशी साधारण १३० सेंटिमीटर, म्हणजे अरबी घोड्यापेक्षा बुटकं, पण कडक खुराचं आणि कदान्नावर जगणारं. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं अलीकडे त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. सरदारांच्या पागेत अरबी, इराणी घोडे असत. फौजेचं अंग मात्र या दख्खनी जनावरांचं. स्वाराचं सामान म्हणजे हत्यार, घोंगडी, तोबऱ्यात चंदी. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पाणी आणि नाल, या दोन गोष्टी चुकल्या तर बाकी सगळं फुकट, हे त्या व्यवस्थेला पक्कं ठाऊक होतं.

याचा हिशेब करून पाहावा. दुडकी आणि चाल मिळून ताशी आठ किलोमीटर पडले तर सात-आठ तासांत साठ किलोमीटर, म्हणजे वीस कोस. १७३७ च्या मार्चमध्ये थोरल्या बाजीरावांनी मोगली फौजांना बगल देऊन, मेवातच्या अंगानं वाट काढत दिल्ली गाठली तेव्हा त्यांच्या मजली याच मापाच्या होत्या. बातमी पोचायच्या आत माणूस पोचला म्हणून दिल्लीकरांना तो चमत्कार वाटला. त्यात चौखूर धावणं थोडंच होतं. रोज तेवढंच चालणं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच, हे होतं.

ही गोष्ट महादजी शिंद्यांइतकी कुणालाच अंगावर काढावी लागली नव्हती. १४ जानेवारी १७६१ ची संध्याकाळ. पानिपत हरलं होतं, आणि तरुण महादजी एका दख्खनी घोडीवर दक्षिणेकडे निघाले होते. घोडी नामांकित, वेगाची. पाठीवर एक अफगाण स्वार लागला, त्याचा घोडा थोराड, जाड हाडाचा, दिसायला सुस्त. महादजी घोडी पळवत, अंतर पडे, घोडीला दम द्यावा म्हणून थांबत. आणि मागे पाहावं तर तो घोडा आपल्या त्याच एका चालीनं येतोच आहे. पुन्हा पळणं, पुन्हा थांबणं, पुन्हा तो. शेवटी थकलेली घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाणानं गाठून गुडघ्यावर फरशीचा घाव घातला, अंगावरचं घेतलं आणि निघून गेला. राणेखान नावाच्या भिश्त्यानं महादजींना उचलून पखालीच्या बैलावर घातलं आणि वाचवलं. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानलं, सरदार केलं. पाय मात्र जन्माचा अधू झाला. तो सुस्त घोडा आणि तो स्वार आपल्याला झोपेतही दिसतो, असं महादजी उतारवयात सांगत. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या माळव्याच्या इतिहासात ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

मला ही सबंध पेशवाईतली घोड्याविषयीची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. वेगवान घोडी हरली, चाल न मोडणारा घोडा जिंकला. आणि पानिपतावर सगळी फौजच तोफा, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांच्या ओझ्याखाली १७७८ च्या इंग्रजांसारखी झाली होती. कार्ल्याकडे पाऊण पाऊण मैल सरकणारा तो तांडा पाहताना महादजींना काय आठवलं असेल, त्याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही.

४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्ट्युअर्ट ठार झाला. मराठ्यांनी या धाडसी माणसाला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. वडगाव मावळात त्याचं थडगं आहे. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि वारला. एजर्टनचीही प्रकृती बिघडली, सेनापतिपद कॉकबर्नकडे गेलं. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव रिकामं. पुणे फक्त अठरा मैल. जवळ अठरा दिवसांचा दाणागोटाही होता. पण पुढचं चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळून टाकायची मराठ्यांची तयारी आहे अशी वार्ता आली, आणि समितीचं अवसान गळालं. ११ च्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, सामान पेटवून फौज गुपचूप मागे वळली.

हीच वेळ घोडेस्वारांची. रात्रीची कूच लपली नाही. आघाडीवर, पिछाडीवर, सामानावर असे एकदम हल्ले सुरू झाले. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलेनं शर्थ केली म्हणून निदान फौज वडगावला पोचली. तिथं ती कोंडली गेली. १२ आणि १३ जानेवारी. पानिपताला अठरा वर्षं पुरी होत होती. दोन-तीन दिवसांत वडगावचा करार झाला: राघोबा हवाली करायचा, १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा. मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांनी तो पुढे धुडकावला, पण तेव्हा उरलेली फौज जीव वाचवून घाट उतरली ती त्याच्यामुळेच.

इंग्रज मूर्ख नव्हते, ते शिकत होते. बंगालकडून येणारा कर्नल गॉडर्ड तेव्हा बऱ्हाणपुराजवळ होता. वडगावची बातमी कळताच त्यानं फेब्रुवारीत सुमारे तीनशे मैलांची वाट वीस दिवसांच्या आत तुडवून सुरत गाठली. दिवसाला पंधरा मैल, पायदळानं. हाच गॉडर्ड डिसेंबर १७८० मध्ये वसई घेऊन, फेब्रुवारी १७८१ मध्ये पुन्हा बोरघाटावर आला. घाट त्यानं जिंकलाही. मग खोपोलीला तळ देऊन नाना तहाला येतात का, याची वाट पाहत बसला. चूक तीच, जागा निराळी: फौज थांबली, आणि तिचा रतीब पनवेलहून यायचा होता.

परशुरामभाऊ पटवर्धन बारा हजारांनिशी कोकणात उतरले आणि पनवेल-खोपोली रस्त्यावर बसले. दाण्याचा काफिला पनवेलहून निघाला की त्याला चौक-खालापूरच्या टापूत गाठायचं. कोकण हा काही घोड्याचा मुलूख नव्हे. बांधाबांधांची भातखाचरं, ओढे, झाडी, दमट हवा. पण मार्च-एप्रिलात खाचरं कोरडी ठणठणीत असतात, आणि इथं कुणाला मैदानी हल्ला चढवायचा होता? काफिल्याची लांबी हीच त्याची कमजोरी. गोळागोळी चालू असली की बैल उधळतात, गोण्या पडतात, संरक्षणाची तुकडी एका टोकाला धावली की दुसरं टोक उघडं. स्वार येतात, मारतात आणि बंदुकीच्या टप्प्याबाहेर जातात. तेवढ्या दोन-तीनशे पावलांपुरतं चौखूर. खरं धावणं या मोहिमेत एवढंच. दाण्याच्या एकेका खेपेसाठी गॉडर्डला मोठमोठ्या तुकड्या पाठवाव्या लागल्या आणि प्रत्येक खेपेला माणसं पडली.

मराठ्यांच्या बाजूनंही हे स्वस्त नव्हतं. अडीच-तीनशे किलो वजनाच्या तट्टाला दिवसाला सहा किलो तरी कोरडा चारा लागतो. बारा हजार घोड्यांना बहात्तर टन. म्हणून पथकं सारखी जागा बदलत. मोहिमेवर दगावलेल्या घोड्यांबद्दल बखरी फार लिहीत नाहीत. पण शिलेदाराचं घोडं मेलं की त्याची भाकरी गेली, हे त्या काळी साध्या शिलेदाराच्या बायकोलाही कळत होतं.

एप्रिलमध्ये गॉडर्डनं माघार घ्यायचं ठरवलं. वीस तारखेला तळ हलला, खालापूर, मग चौक, आणि २३ तारखेला पनवेल. आज गाडीनं तासाभराची वाट. तीन मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामाला हरिपंत, तुकोजी आणि भाऊंचे स्वार मागे, बाजूला, पुढे. ठार आणि जखमी ४६६, त्यांत अठरा गोरे अधिकारी. वडगावासारखी शरणागती नव्हती, म्हणून आपल्या शालेय पुस्तकांत ही माघार फारशी येत नाही. मला तर ती वडगावाहून जास्त शिकवणारी वाटते, कारण इथं समोर समिती नव्हती. एक कसलेला, झटपट चालणारा सेनापती होता, आणि त्यालाही एकाच रस्त्यावर बांधून टाकता आलं. पुढच्या वर्षी सालबाईचा तह झाला, तो घडवून आणला महादजींनी.

इंग्रजांनी यातून धडा घेतला तो घोड्याचा आणि रस्त्याचाही. एप्रिल १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली पुण्याकडे घोडदळ घेऊन निघाला, तेव्हा त्यानं शेवटचे साठ मैल बत्तीस तासांत काढले. मराठी मजलीला मराठी मापाचं उत्तर होतं ते. आणि १० नोव्हेंबर १८३० ला मुंबईच्या गव्हर्नरानं बोरघाटाचा नवा गाडीरस्ता उघडला, स्वतः घोडागाड्यांच्या ताफ्यासह उतरून. गव्हर्नर होता जॉन माल्कम. महादजींच्या घोडीची हकीकत लिहिणारा तोच.

नव्या रस्त्यानं पनवेलचं बंदर भरभराटलं. मुंबईहून नावेनं पनवेल, आणि पुढे टप्प्याटप्प्याला घोडी बदलत धावणारी टपालगाडी. टप्पा छोटा, घोडं ताजं, दुडकी अखंड; मजलीचं जुनं गणित आता लगामाऐवजी वेळापत्रकानं चालू लागलं. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीला पोचली आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे सुरू झाली. मधल्या घाटाला रूळ नव्हते. २१ एप्रिल १८६३ ला घाटाची रेल्वे खुली होईपर्यंत पाच वर्षं पुण्याचा प्रवासी एका गाडीतून उतरून, घाट घोड्यावर नाहीतर पालखीत चढून, वर दुसऱ्या गाडीत बसत होता.